आत्याचं शेवटचं बाळंतपण

आत्याने मरायचं मनावर घेतलं ते एका साध्यासुध्या सकाळी, चहा पिता पिता. कप खाली ठेवला, ओठ पुसले आणि पुतण्याला म्हणाली, "पुरे झालं रे आता. या महिन्यात मी जाईन म्हणते."

पुतण्याला वाटलं, बाजारात जायचं म्हणते आहे. तो म्हणाला, "बरं. पिशवी देऊ का?"

पुढे तो हे सांगायचा तेव्हा रडायचा आणि ऐकणारे हसायचे. त्याचं नशीबच तसं. टक्कल पडलेला, भिंतीसारखा रुंद माणूस, पण डोळ्यांना पाणी यायला कांदा नुसता दिसला तरी पुरे.

आत्या म्हणजे गावातली थोरली सुईण. सख्खी आत्या ती या एकट्या पुतण्याचीच, पण अर्ध्या गावाला तिनेच पहिली चापट मारून रडवलेलं, तेव्हा सगळेच तिला आत्या म्हणायचे. स्वतः लग्नाच्या भानगडीत पडली नाही. "दुसऱ्यांचं निस्तरता निस्तरताच माझी हौस फिटली," असं सांगायची. डॉक्टर येऊन तपासून गेला. हृदय थकलंय, फार दिवस नाहीत, असं तोही म्हणाला. त्या दोघांचं एकमत झालेलं गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

बातमी कानावर पडताच हातातलं काम टाकून आली ती धाकटी सुईण. आत्याच्याच हाताखाली तयार झालेली. धाकटी म्हणायचं आपलं. डोकं तिचंही पिकलेलं. माघारी तिला सगळे फौजदारीण म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, आवडायचंही. हाताला यश होतं बाईच्या, पण जिभेला हाड नव्हतं. बाळंतीण कण्हली तरी हिचा हुकूम, हसली तरी हुकूम, आणि नवरा नुसता दारात दिसला तर त्याची धडगत नव्हती.

उंबऱ्यातूनच ती म्हणाली, "आले मी. आता मध्ये कुणी लुडबुड करायची नाही."

आणि लागली कामाला. दोन्ही बाजूंनी फिरता यावं म्हणून खाट भिंतीपासून ओढली. गादीवर रबरी चादर घातली, जुन्या धुतलेल्या कापडांच्या घड्या उशाशी रचल्या, स्वतःची नखं कापली, आत्याच्या केसांच्या दोन घट्ट वेण्या घातल्या. मग पुतण्याला म्हणाली, "पाणी ठेव उकळायला. मोठं पातेलं."

"ठेवतो. पण कशाला?"

फौजदारीण बोलायला गेली आणि थांबली. उभ्या जन्मात तिला हे कुणी विचारलं नव्हतं. "उकळ म्हटलं की उकळायचं!" ती ओरडली.

तिला तरी दुसरं काय येत होतं? माणूस आत कसं आणायचं ते सगळं ठाऊक. बाहेर कसं सोडायचं ते कुणी दाखवलंच नव्हतं. पाणी मात्र दिवसभर उकळत राहिलं. शेवटी पुतण्या त्यातूनच येणाऱ्याजाणाऱ्याला चहा करून द्यायला लागला.

आणि येणारे काय थोडे होते! माणूस जायला निघालं की लोकांना एकाएकी शोध लागतो की याच्यापाशी शहाणपण आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं आत्या समोरून येताना पाहून सायकलचा वेग वाढवला, ते आता हात जोडून खाटेशी बसायचे. "आत्या, कसं जगावं ते एकदा सांगा."

आत्या ज्याला त्याला मापाचं द्यायची. शाळेच्या हेडमास्तरांना म्हणाली, "जेवल्यावर चालत जा. आणि बायको बोलत असताना तिच्या चुका सुधारत जाऊ नकोस." किराणा दुकानदाराला म्हणाली, "तू पायाळू. पाय आधी बाहेर आले तुझे. तेव्हाच मी म्हटलं, हा प्रत्येक गोष्टीला आधी लाथ मारणार आणि मग तोंड दाखवणार. आता तरी क्रम बदल." माणसं ते झेलून, जपून घरी न्यायची. कोपऱ्यावरचा न्हावी तर सांगत फिरला की आत्याने मला जगण्याचं सार सांगितलं. सार काय, तर "कमी बोल, कान कापशील कुणाचा तरी."

एका फौजदारणीला तेवढं काही सांगितलं नाही. कूस बदलताना "हळू गं" म्हणायची, बस. फौजदारणीने तसं दाखवलं नाही, पण मनात गाठ बसली. न्हाव्याला सार आणि मला काय?

तशी एक गाठ आधीच होती, मोठी. तिची लेक गरोदर होती, दिवस अगदी भरत आलेले. आणि गावभरच्या बायका जिच्या हाताखाली मोकळ्या झाल्या, तिच्या पोटच्या पोरीने नाव घातलं होतं इस्पितळात. वर तोंडावर सांगितलं होतं, "आई, मला त्या दिवशी आई हवी. सुईणी तिथे आहेत. तू आलीस की सुईण होतेस, आणि मग मला आई उरत नाही."

बोलली ते खरं होतं. म्हणून तर झोंबलं. फौजदारीण म्हणाली, "घे मग त्यांनाच. तुझ्या तोंडाने मला बोलावल्याशिवाय मी तुझी पायरी चढणार नाही." लेक आईवरच गेलेली. ती कशाला बोलावते? तेव्हापासून दोघींत बोलणं बंद.

एका दुपारी आत्याचा श्वास चढला. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली, डोळे मिटले, ओठ निळसर झाले. हेडमास्तर बायकोला घेऊन भेटायला आलेले, ते कपबशी हातात धरून तसेच उभे राहिले. पुतण्याने आधीच गळा काढला. फौजदारीण खाटेवर मागून चढली, आत्याच्या काखेत हात घालून तिला आपल्या छातीशी टेकवून बसवलं आणि पाठ चोळायला लागली. मनात होतं ते असं: शांत व्हा आत्या, आम्ही सगळे आहोत इथे. पण तोंडाला एकच वाट पाठ होती, ते आपलं त्या वाटेने सुटलं.

"हां! आली कळ! हनुवटी छातीला लावा, दात आवळा आणि लावा जोर! शाब्बास! श्वास सोडू नका! आणखी एकदा! झालंच बाई आता, डोकं दिसतंय!"

पुतण्याचं रडणं अर्ध्यावर थांबलं. हेडमास्तरांनी, चुकून का होईना, खाटेच्या पायथ्याकडे पाहिलं.

आत्याने एक डोळा उघडला. "कुणाचं गं?"

फौजदारणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "काय, आत्या?"

"डोकं म्हणतेस ते. मला या वयात कोण झालं?"

आणि आत्या हसायला लागली. आधी नुसती खांदे हलवून, मग आवाज फुटून. हसता हसता ठसका लागला, ठसक्याबरोबर छातीत अडकलेलं सगळं सुटलं, पुतण्या तस्त घेऊन धावला, आणि थोड्या वेळाने पाहावं तर ओठांवर रंग आलेला, श्वास सरळ, आणि म्हातारी उशीला टेकून डोळे पुसते आहे.

"छान निघाले होते गं मी," ती म्हणाली. "कुठे दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. विहिरीतून बादली ओढावी तशी ओढून आणलंस." मग हेडमास्तरांकडे वळून, "तू काय शोधत होतास रे तिकडे?"

हेडमास्तरांना अचानक शाळेतलं काम आठवलं.

"सगळे बाहेर जा," आत्या म्हणाली. "तू थांब."

फौजदारणीने मोकळे झालेले केस सावरले आणि स्टूल पुढे ओढलं. चला, आला एकदाचा आपला नंबर.

"लेकीचं कुठवर आलं?"

"मला काय माहीत? मी विचारत नाही."

"नाहीस विचारत. माझ्या पुतण्याला तेवढं इस्पितळाकडच्या दुकानातून लिंबं आणायला पाठवतेस, आणि आला की तिकडे कोण दिसलं ते विचारतेस. लिंबं खालीच कोपऱ्यावर मिळतात. डबा भरून लिंबं झाली आहेत घरात, मी मेले की लोणचं घालतील."

फौजदारणीने रबरी चादरीची सुरकुती सरळ केली.

"ही तुझी लेक झाली तेव्हा मी काय करत होते, आठवतं?"

"न आठवायला काय झालं! झोपला होता तुम्ही!" गाठ अशी सुटली की फौजदारणीला थांबवेना. "मी जिवाच्या आकांताने ओरडते आहे, आणि तुम्ही खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरत होता! इतकी वर्षं बोलले नाही, पण विसरलेही नाही."

"मग तू काय केलंस?"

"शिव्या घातल्या तुम्हाला. आणखी काय करणार? मग मनात आलं, ही बाई एवढी ढाराढूर झोपली आहे त्या अर्थी फार काही बिघडलेलं नसणार. मग जरा..." ती अडखळली.

"जरा काय?"

"जरा अंग सैल पडलं. मग झालं सगळं."

"हं," आत्या म्हणाली. काटा जुळला की दुकानदार म्हणतो तसं.

फौजदारणीने स्टूल आणखी पुढे ओढलं. "अहो आत्या! ते सोंग होतं?"

"मग काय खरं? तू अडली होतीस. खाली गाडीवाल्याला गाडी तयार ठेवायला सांगितलं होतं, आणखी थोडं लांबलं असतं तर उचलून नेणार होते तुला इस्पितळात. तू पाहिलंस माझ्या तोंडाकडे तर घाबरून मरशील, म्हणून तोंड उघडं टाकलं आणि लागले घोरायला. एक डोळा किलकिला ठेवून घोरणं सोपं वाटतं तुला? दुसऱ्या दिवशी घसा धरला होता माझा."

"आणि हे मला शिकवलं नाहीत कधी?"

"शिकवणार कसं? तू बोलायची थांबलीस तर ना!" आत्याला पुन्हा थोडी धाप लागली. ती ओसरल्यावर म्हणाली, "तुझे हात माझ्याहून चांगले आहेत. खरं ते खरं. पण तुला वाटतं, पोरं तू आणतेस. येतात गं ती आपली आपण. आपण फक्त खाली पडू देत नाही."

न्हाव्यापेक्षा हे बरंच जास्त होतं. पण फौजदारणीला ते नीट गिळताही आलं नाही, तोच पुतण्या फोन घेऊन दारात आला. "जावई आहेत तुमचे. हळू बोलतायत."

फोनवर जावई जिन्याखाली लपल्यासारखा कुजबुजत होता. "आई, कळा सुरू झाल्यात. सकाळीच आणलंय. मी फोन केला म्हणून सांगू नका तिला."

"तिने सांगितलंय का मला बोलवायला?"

"नाही. पण..."

"मग झालं." फौजदारणीने फोन पुतण्याच्या हातात कोंबला आणि कापडाची घडी मोडून पुन्हा घालायला लागली. घडी जमेना.

"ऊठ," आत्या म्हणाली.

"तुम्हाला असं टाकून? आताच बघितलं ना काय झालं ते."

"बघितलं. घोळ घातलास ते बघितलं. मला काय तुझी गरज? यायला सुईण लागली असेल, जायला लागत नाही."

"तिने बोलावलं नाही, आत्या. मी शब्द दिलाय."

"कुणाला दिलास? तिला? तिने मागितला होता?" आत्या कोपरावर उठली. वेण्या दोन्ही खांद्यांवर आल्या आणि म्हातारी एखाद्या संतापलेल्या शाळकरी पोरीसारखी दिसायला लागली. "दिवसभर लोक येऊन मला विचारतात कसं जगावं. लाज वाटते मला तोंड उघडायची. जन्मभरात एक बाई तयार केली, तिला स्वतःच्या लेकीच्या दाराबाहेर बसता येत नाही! अर्धं गाव आणलं आम्ही दोघींनी, आणि त्या एका खोलीबाहेर बसायला हिला आमंत्रण हवं!"

इतकं तिला तिच्या सासूनेही कधी सुनावलं नव्हतं. फौजदारीण उठली. पिशवी उचलली. आत्या म्हणाली, "पिशवी राहू दे." पिशवी ठेवली.

"बाहेर बसायचं. आत नाही. आणि बोलायचं नाही."

"अजिबात?"

"मेलेल्या माणसासारखं गप्प. मी सराव करतेच आहे, तूही कर."

दारात फौजदारीण वळली. "मी येईपर्यंत थांबाल?"

"बघते," आत्या म्हणाली. "बाळंतिणींनी माझं ऐकलं नाही कधी, मी तुझं का ऐकू?" पण हात वर करून जा म्हणाली, आणि हसली.

इस्पितळात बाळंतपणाच्या खोलीबाहेर एक लांब बाक होतं. विहीणबाई एका टोकाला बसलेल्या, बारीकशा, मांडीवर थर्मास. फौजदारीण दुसऱ्या टोकाला बसली. जावई तिला पाहताच दारासमोर जाऊन उभा राहिला. आता ही दार ढकलणार, नर्सला बाजूला सारणार, बायको आतून किंचाळणार, सगळं त्याला समोर दिसायला लागलं.

फौजदारीण काहीच बोलली नाही.

नर्स चादरी घेऊन गेली. फौजदारणीने जीभ दातांखाली धरली. आतून लेकीचा आवाज आला, खालून वर चढत गेलेला. हा श्वास चुकला, नाकाने घे, नाकाने, असं गळ्यापर्यंत आलं. तिने ते गिळलं. आतली बाई तेवढ्यात शांतपणे म्हणाली, "नाकाने घ्या श्वास, ताई. छान." आता चूक काढायलाही जागा नाही म्हटल्यावर माणसाने करायचं काय?

विहीणबाईंनी चहा पुढे केला. "घ्या ना."

फौजदारणीने नुसती मान हलवली.

विहीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "आई, तुम्ही बोलत का नाही? काही गडबड आहे का? तुम्हाला आवाजावरून कळलं ना काहीतरी?"

"देवा, ह्यांना कळलंय," विहीणबाई म्हणाल्या, आणि थर्मास त्यांच्या मांडीवरून घरंगळला.

झालं! बोलावं तर आवाज ऐकून आत लेक बिथरणार, न बोलावं तर हे दोघं. फौजदारणीने दोघांकडे पाहिलं, खोल श्वास घेतला, डोकं भिंतीला टेकवलं, तोंड उघडलं आणि घोरायला लागली.

आधी जमेना. घोरणं म्हणजे कठीण काम. उगाच नाही आत्याचा घसा धरला. पण हळूहळू सूर लागला. किलकिल्या डोळ्याने तिने पाहिलं: जावई बाकावर टेकला होता. विहीणबाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि मुलाला म्हणाल्या, "झोपल्या बघ. म्हणजे काही नाही." फौजदारीण मनातल्या मनात खूश झाली. आणखी जरा मोठ्याने घोरली. आत्याच्या उशाशी किती जागरणं झाली होती कोण जाणे, बाक गार होतं, भिंत टेकायला बरी होती...

"अहो विहीणबाई! उठा! आजी झालात!"

ती दचकून उठली तर खिडकीतली उन्हं उतरलेली. मान अवघडलेली. गावातल्या कुठल्या कुठल्या पोरांना सगळ्यांच्या आधी पाहिलं, आणि स्वतःच्या नातीच्या वेळी बाकावर झोपून राहिली!

ती आत गेली. लेक घामाने भिजलेली, केस कपाळाला चिकटलेले, कुशीत एक लालबुंद गाठोडं. आईला पाहून लेकीने हनुवटी वर केली. म्हणजे आता बोलणी खायची तयारी.

"झोपली होतीस," लेक म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"अख्ख्या मजल्याला कळलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोण हो घोरतंय एवढं? म्हटलं, माझी आई आहे. आणि आई, तेव्हा मला एवढं बरं वाटलं! म्हटलं, आई झोपली आहे, म्हणजे सगळं ठीक चाललंय."

केवढी संधी होती! हे आमच्या धंद्यातलं गुपित आहे बाळ, मुद्दाम करतो आम्ही, असं सांगून मान ताठ करता आली असती. जिभेच्या टोकावर आलंही.

"सुरुवातीला सोंग होतं," फौजदारीण म्हणाली. "मग खरंच लागली गं झोप. मला काही कळलंच नाही."

लेक आईकडे बघतच राहिली. आईला काही कळलं नाही, हे आईच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती. मग तिला हसू फुटलं, आणि टाके ओढले म्हणून "आई गं" म्हणाली.

तेवढ्यात जावई फोन घेऊन आला. पलीकडे पुतण्या होता. रडत होता, पण ते रडणं निराळं होतं.

"मी चहा घेऊन गेलो तेव्हा घोरत होती. कप ठेवला आणि चमचा आणायला वळलो. परत आलो तर घोरणं थांबलेलं. मी घाबरलोच नाही हो. म्हटलं, झोपली आहे छान."

फौजदारणीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "नाही घाबरलास ना? तिला तेच हवं असणार."

"आता काय करायचं? तुम्ही सांगा. तुम्ही या ना."

डझनभर हुकूम तिच्या तोंडाशी गोळा झाले. तिने एकेक परत पाठवला. "सख्खी आत्या होती तुझी," ती म्हणाली. "तुला सुचेल ते कर, चुकणार नाही. शेजारच्यांना हाक मार. मी येते, पण जरा वेळाने. आता मी लेकीपाशी आहे."

फोन ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. ओल्या बाळंतिणीसमोर रडायचं नाही, हे ती स्वतः सगळ्यांना बजावायची. लेकीने कशीबशी सरकून खाटेवर जागा केली. बाळंतिणीच्या खाटेवर बसायचं नाही, हेही तिचंच. ती बसली. लेकीने मोकळ्या हाताने तिची पाठ चोळली, वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"आत्या गेली का गं?"

"हं."

गाठोडं कुरकुरायला लागलं. फौजदारीण त्याच्याकडे बघत राहिली. घट्ट, नीट गुंडाळलेलं; कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. हात मांडीवरच होते. एकात एक अडकवून, गच्च आवळून धरलेले.

"आई, घे ना तिला."

"असू दे. तुला वाटेल तेव्हा दे. मला घाई नाही."

"अगं, देतेच आहे," लेक म्हणाली. "हात तर पुढे कर."